नाक कंपनीचे, तोंड आपले

पालघर आज स्वतंत्र जिल्हा असला, तरी २०१२ साली ते ठाणे जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव होते. त्या वर्षी १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले, दुसऱ्या दिवशी मुंबई आणि आसपासची शहरे बंद राहिली, आणि या बंदविषयी पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला ‘लाइक’ दिले. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. पुढे देशभर टीका झाली, प्रकरण मिटवावे लागले, ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक निलंबित झाले, आणि ज्या कलमाचा आधार या अटकेसाठी घेतला होता ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६अ हे कलम, श्रेया सिंघल या दिल्लीच्या तरुणीने दाखल केलेल्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

त्या प्रकरणात सर्व पात्रे डोळ्यांसमोर होती. कोणी लिहिले, कोणी तक्रार केली, कोणत्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, कोणते कलम लागले, हे सगळे कागदावर होते आणि म्हणूनच त्याविरुद्ध भांडताही आले. फेसबुक ही परदेशी कंपनी मात्र या नाट्यात जवळजवळ कुठेच नव्हती. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत चित्र उलटे झाले. लिहिणाऱ्या लाखो माणसांमागे धावण्यापेक्षा ही माणसे ज्यांच्या भिंतींवर लिहितात त्या पाच-सात कंपन्यांनाच धरणे सोपे, हे आपल्या सरकारसह जगभरच्या सरकारांना उमगले. ‘नाक दाबले की तोंड उघडते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. इंटरनेटच्या नियमनात नाक कंपनीचे दाबले जाते आणि तोंड, बहुतेक वेळा, आपले बंद होते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आधी एका जिन्याखाली जावे लागेल.

फलक कोणाचा, चिठ्ठी कोणाची

घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या जिन्याखाली सूचनाफलक आहे, आणि कोणीतरी रात्रीतून त्यावर एका सभासदाची बदनामी करणारी चिठ्ठी चिकटवली, असे समजा. सकाळी त्या सभासदाने जाब विचारायचा कोणाला? चिठ्ठी लिहिणाऱ्याला, हे उघड आहे. पण तो सापडत नसेल तर? संस्थेच्या सेक्रेटरींना धरावे, असा मोह होतो. प्रत्येक चिठ्ठीसाठी सेक्रेटरींनाच कोर्टात उभे राहावे लागेल असा नियम केला, तर ते दुसऱ्याच दिवशी फलकाला काचेचे दार बसवून किल्ली खिशात ठेवतील, आणि पाणी दोन दिवस आले नाही ही साधी तक्रारसुद्धा कोणाला लावता येणार नाही. उलट, सेक्रेटरींचा कशाशीच संबंध नाही असे ठरवले, तर फलकावर काय काय चिकटेल याची कल्पनाच केलेली बरी. जगातील इंटरनेटचे सगळे कायदे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभे आहेत.

कायद्याच्या भाषेत या सेक्रेटरींना ‘मध्यस्थ’ म्हणतात. फेसबुक, यूट्यूब, एक्स (पूर्वीचे ट्विटर), व्हॉट्सअ‍ॅप हे मध्यस्थ आहेत. इंटरनेट पुरवणारी दूरसंचार कंपनी आणि वस्तू विकणारे संकेतस्थळ हेही मध्यस्थच. अमेरिकेने १९९६ साली एका कायद्याच्या २३०व्या कलमात अवघ्या २६ शब्दांत सांगून टाकले की, दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा प्रकाशक म्हणून मध्यस्थाला वागवता येणार नाही. आज ज्या कंपन्यांना आपण महाकाय म्हणतो, त्या या २६ शब्दांच्या सावलीत वाढल्या. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात असे संरक्षण होते, पण अगदी तुटपुंजे. २००४ च्या अखेरीस ‘बाझी’ या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एका विक्रेत्याने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली, आणि अटक झाली ती संकेतस्थळाच्या प्रमुखांनाही. त्या अटकेने उद्योगजगत हादरले आणि २००८ च्या दुरुस्तीत कलम ७९ अधिक भक्कम करण्यात आले. त्याचा सारांश असा: मजकूर तुम्ही लिहिलेला नाही, बदललेला नाही, योग्य ती काळजी घेतली आहे आणि तो बेकायदा असल्याची ‘प्रत्यक्ष जाणीव’ होताच काढला आहे, तर तुमच्यावर दायित्व नाही.

ही ‘प्रत्यक्ष जाणीव’ म्हणजे नेमके काय, यावर बरेच काही अवलंबून होते. कोणीही उठून ईमेल पाठवला की कंपनीला जाणीव झाली, असे मानायचे का? श्रेया सिंघल निकालातला हा भाग ६६अ च्या गाजावाजात झाकला गेला, पण माझ्या मते तो तितकाच मोलाचा आहे. न्यायालयाने सांगितले की, जाणीव म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना. कारण लाखो तक्रारींपैकी कोणती खरी आणि कोणती खोडसाळ, हे ठरवण्याचे काम कंपनीवर टाकणे योग्य नाही. या संरक्षणाला इंग्रजीतून आलेला ‘सेफ हार्बर’ हा शब्द रूढ आहे. सुरक्षित बंदर. ठाणे खाडीकाठी राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको की, बंदर जहाजाला आसरा देते ते बंदराचे नियम पाळण्याच्या अटीवर, आणि ते नियम वेळोवेळी बदलतात.

परदेशी कंपनीला धरायचे कोठे?

नियम करणे ही अर्धीच गोष्ट. कंपनी सात समुद्रांपलीकडे नोंदलेली असेल, तर समन्स बजावायचे कोणावर? हा पेच प्रथम ठळकपणे समोर आला तो फ्रान्समध्ये, २००० साली. याहूच्या लिलावाच्या पानांवर नाझी काळातील वस्तू विकल्या जात होत्या. फ्रान्सच्या कायद्यात त्यांचे असे प्रदर्शन गुन्हा, तर अमेरिकेच्या राज्यघटनेत ते अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य. आमचे सर्व्हर अमेरिकेत आहेत आणि पान कोण कोठून पाहतो हे आम्हाला कळू शकत नाही, असे याहूचे म्हणणे होते. पॅरिसच्या न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. सुमारे ७० टक्के फ्रेंच वापरकर्ते त्यांच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ओळखता येतील, असे समितीने सांगितले, आणि दररोज १ लाख फ्रँक दंडाची टांगती तलवार ठेवून फ्रेंच वापरकर्त्यांना ती पाने दिसता कामा नयेत असा आदेश निघाला. इंटरनेटला सीमा नसतात, या समजुतीला पडलेला हा पहिला मोठा तडा. ‘हा मजकूर भारतात उपलब्ध नाही’ अशी पाटी आज आपल्याला दिसते, तिचे मूळ त्या खटल्यात आहे.

सरकारला पकड हवी असते ती अशा एखाद्या वस्तूवर, जी त्याच्या हद्दीत आहे आणि जी सोडून जाणे कंपनीला परवडत नाही. अशी पहिली वस्तू म्हणजे माणूस. भारताने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी जे नियम जारी केले, त्यांत ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांनी भारतात राहणारे तीन अधिकारी नेमावेत अशी अट घातली: अनुपालन पाहणारा एक, पोलिसांशी संपर्क ठेवणारा एक आणि तक्रारी ऐकणारा एक. तक्रार ऐकायला आपल्या देशात कोणीतरी असावे, ही मागणी रास्तच होती. अमेरिकेतील एखाद्या अनामिक पत्त्यावर ईमेल पाठवून महिनोन् महिने वाट पाहिलेल्या कोणालाही ती पटेल. पण यातील अनुपालन अधिकारी, कंपनीने नियम पाळले नाहीत तर, स्वतः खटल्याला सामोरा जाऊ शकतो. म्हणजे कंपनीचा निर्णय कॅलिफोर्नियात होणार आणि त्याचे परिणाम इथे कर्जाचे हप्ते भरणाऱ्या एका माणसाच्या दारात येणार.

ही भीती काल्पनिक नाही. रशियात सप्टेंबर २०२१ मध्ये संसदेच्या निवडणुकीच्या दिवशी अ‍ॅपल आणि गूगल या दोन्ही कंपन्यांनी सरकारविरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या गटाचे मतदारांसाठीचे अ‍ॅप आपल्या दुकानांतून काढून टाकले. तेथील कर्मचाऱ्यांवर फौजदारी कारवाईची धमकी दिली गेल्याचे वृत्त तेव्हा सर्वत्र छापून आले होते. या कंपन्यांकडे तेव्हा कित्येक देशांच्या तिजोऱ्यांहून अधिक पैसा होता. तरी आपल्या मोजक्या माणसांच्या सुरक्षिततेपुढे त्यांना झुकावे लागले, आणि त्याबद्दल त्यांना सरसकट दोष देणे मला तरी जमत नाही.

ब्राझीलमध्ये हाच डाव उलट्या दिशेने खेळला गेला. काही खाती बंद करण्याचे आदेश न पाळणाऱ्या एक्सने, आपल्या प्रतिनिधीला अटकेची धमकी दिली जात असल्याचे सांगत, ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील कार्यालयच बंद केले. ना कार्यालय, ना प्रतिनिधी. आता धरणार कोणाला? तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलेक्झांद्रे दि मोरायस यांनी २४ तासांत प्रतिनिधी नेमण्याचे फर्मान काढले आणि ते पाळले गेले नाही तेव्हा ३० ऑगस्टला संपूर्ण देशात एक्स बंद केले. व्हीपीएनच्या, म्हणजे वापरकर्त्याचे ठिकाण लपवणाऱ्या सेवेच्या, आडवाटेने ते वापरणाऱ्यास दिवसाला ५० हजार रेआल (ब्राझीलचे चलन) दंड ठेवला. एक्सचे मालक इलॉन मस्क यांच्याच स्टारलिंक या दुसऱ्या कंपनीची बँक खातीही गोठवली. एक्सने शेवटी दंड भरला, प्रतिनिधी नेमला, आणि ८ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झाले. काही खात्यांवरून सुरू झालेल्या या भांडणात, ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता असे सुमारे दोन कोटी ब्राझिली लोक पाच आठवडे मुके झाले होते.

पैशाची पकड समजायला सोपी आहे, म्हणून तिच्यावर फार रेंगाळत नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात १० टक्क्यांपर्यंत. दंड नफ्यावर नसून जगभरच्या उलाढालीवर मोजला जातो, यातच त्याची धार आहे.

यंत्राची पकड मात्र आपल्या अगदी शेजारी, ठाणे-बेलापूर रस्त्यावर पाहायला मिळते. ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये डोंगराच्या बाजूची खिडकी धरली, तर ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या पट्ट्यात मधूनमधून खिडक्याच नसलेल्या प्रचंड इमारती दिसतात: बाहेर रांगेने जनरेटर, छतावर वातानुकूलनाची धुडे, फाटकावर कडक पहारा आणि माणसांची वर्दळ जवळजवळ नाही. हीच डेटा सेंटर. ज्या एमआयडीसीत एके काळी रसायनांचा वास यायचा, तेथे आता ऐरोली, रबाळे, महापे असा डेटा सेंटरचा पट्टा झाला आहे. पनवेलला २०२० साली सुरू झालेले केंद्र तर देशातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. ही केंद्रे इथे येण्यामागे वीज, मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्राखालच्या केबल आणि बँकांचा शेजार ही कारणे आहेतच; पण कायद्याचाही त्यात वाटा आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून पैशांच्या देवघेवीची सर्व माहिती भारतातच साठवण्याचे बंधन घातले. ते पाळले नाही म्हणून २२ जुलै २०२१ पासून मास्टरकार्डला भारतात नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली, आणि ती उठायला जून २०२२ उजाडला.

माहिती देशात ठेवणे म्हणजे ती सुरक्षित ठेवणे, असे आपण सहज मानतो. ती परदेशी सरकारच्या हातापासून थोडी दूर जाते हे खरे, पण आपल्या सरकारच्या हाताजवळ येते हेही तितकेच खरे. हा हात चांगल्या कामासाठीही पोहोचतो: फसवणुकीचा तपास करणाऱ्या पोलिसांना परदेशातून माहिती मिळवताना किती खेपा घालाव्या लागतात, हे सायबर शाखेत एकदा तक्रार घेऊन गेलेल्याला ठाऊक असते. पण ज्यांचा व्यवसायच गुप्ततेवर चालतो, त्यांनी या हाताचा अर्थ वेगळा लावला. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपून ठेवायला सांगितले, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन यांनी भारतातील आपले सर्व्हरच उचलून नेले. सेवा चालू राहिली, फक्त यंत्रे परदेशी गेली.

आणि शेवटची वस्तू म्हणजे नळ. कंपनीकडे देशात माणूस, पैसा, यंत्र यांपैकी काहीच नसले, तरी तिचा मजकूर येतो तो देशातील दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्यांतून. त्या बंद करता येतात. गलवानच्या चकमकीनंतर २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप अशीच बंद झाली, मजकूर अडवण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. पण हे हत्यार बोथट आहे. रशियाने २०१८ मध्ये टेलिग्राम बंद करायला जाऊन अ‍ॅमेझॉन आणि गूगलचे लाखो पत्ते अडवले. भलत्याच सेवा कोलमडल्या, टेलिग्राम मात्र बऱ्यापैकी चालत राहिले. नेपाळने ४ सप्टेंबर २०२५ रोजी, नोंदणी केली नाही म्हणून, फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅपसह २६ सेवा एकदम बंद केल्या. आमच्या भागातील बऱ्याच सोसायट्यांचे वॉचमन नेपाळचे आहेत. त्या चार दिवसांत घरी फोन कसा लावायचा, या विवंचनेत फाटकाशी बसलेली माणसे मी पाहिली आहेत. टिकटॉक आणि व्हायबर यांनी नोंदणी केली होती, म्हणून ती चालू होती. ८ सप्टेंबरला काठमांडूत आधीच साचलेला असंतोष रस्त्यावर आला, पोलिसांच्या गोळीबारात किमान १९ जण मेले, त्याच रात्री बंदी उठली, आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला.

काढणे स्वस्त, ठेवणे महाग

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कंपनीवर अशी पकड बसल्यावर तुमच्या-आमच्या लिहिण्याचे काय होते?

एखाद्या कंपनीच्या तक्रार विभागात बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. समोर ठाण्यातील खड्ड्यांबद्दल कोणाची तरी चित्रफीत आहे, आणि ती बेकायदा आहे अशी नोटीस आहे. चित्रफीत ठेवली आणि पुढे ती खरोखरच बेकायदा ठरली, तर कंपनीचे संरक्षण जाईल, दंड होईल, कदाचित सहकाऱ्यावर खटला होईल. काढली आणि ती पूर्णपणे कायदेशीर होती असे निघाले, तर काय होईल? काहीही नाही. एक वापरकर्ता रागावेल, बस्स. त्या चित्रफितीतून कंपनीला जाहिरातीचे चार पैसेही मिळत नसतील. हा हिशेब मांडायला वकील लागत नाही, आणि घड्याळ जितके जोरात पळते तितका तो सोपा होतो. आपल्या २०२१ च्या नियमांत आदेश मिळाल्यापासून ३६ तासांची मुदत ठेवली होती. जर्मनीने २०१८ पासून पूर्ण अमलात आणलेल्या कायद्यात उघड उघड बेकायदा मजकुरासाठी २४ तास आणि ५ कोटी युरोपर्यंत दंड होता. इतक्या वेळात लाखो तक्रारींचा साधकबाधक विचार कोणी करू शकत नाही, म्हणून ते काम यंत्रांकडे जाते, आणि यंत्राला उपहास आणि शिवी यांतला फरक, त्यातही मराठीतला, फारसा कळत नाही. दोष एकट्या कायद्याचा नाही, एकट्या कंपनीचाही नाही. पण ज्याला मजकूर गमावण्याचे काहीच दुःख नाही त्याच्याच हाती मजकुराचे भवितव्य जाते.

मग नियम नकोतच का? असे म्हणणाऱ्याने धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आठवावे. १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेने पेटलेल्या जमावाने तेथे पाच जणांना ठेचून मारले. भिक्षेवर पोट भरणारी, भटक्या जमातीतील ती माणसे होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा आणली. सरकारचा रेटा नसता, तर ती आली असती असे मला वाटत नाही. एखाद्या स्त्रीची खासगी छायाचित्रे पसरवली गेली, तर तिच्या तक्रारीनंतर २४ तासांत ती हटवावीत, हा २०२१ मध्ये आलेला नियमही असाच होता. त्याला विरोध करणारा मला अजून भेटलेला नाही.

अडचण येते ती राईनपाड्यासारख्या घटनेतून निघालेल्या पुढच्या मागणीत. अफवा प्रथम कोणी पाठवली ते सांगा, असे २०२१ चे नियम, न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानंतर, संदेशसेवांना म्हणतात. ऐकायला हे साधे वाटते. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या कंपनीला आत काय आहे ते दिसत नाही. उद्या कोणता संदेश अफवा ठरेल हे आज माहीत नसते, म्हणून पहिला पाठवणारा शोधायचा तर सगळ्यांच्या सगळ्या संदेशांवर आजच खूण करून ठेवावी लागेल. टपाल खात्याने एका निनावी पत्राचा लेखक सापडावा म्हणून ठाणे शहरातील प्रत्येक लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचा अंगठा घेण्यासारखे ते आहे. व्हॉट्सअ‍ॅपने मे २०२१ मध्ये याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. हे कुलूप तोडायला लावले तर भारतातून जावे लागेल, असे कंपनीच्या वकिलांनी २०२४ च्या सुनावणीत सांगितले. कंपनीच्या धंद्याचे हित आणि नागरिकाची गुप्तता या वेळी एका बाजूला उभी राहिली. असा योग नेहमी येत नाही.

येत नाही, कारण आपल्या राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे ते नागरिकांना. परदेशी कंपनी नागरिक नाही. ट्विटरने काही खाती आणि ट्विट बंद करण्याच्या आदेशांना आव्हान दिले, तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी याचिका फेटाळून उलट ५० लाख रुपयांचा भुर्दंड घातला. त्यानंतर केंद्रीय गृहखात्याच्या ‘सहयोग’ या पोर्टलवरून कलम ७९ च्या आधारे मजकूर हटवण्याच्या थेट सूचना जाऊ लागल्या. त्याविरुद्ध एक्स पुन्हा त्याच न्यायालयात गेली आणि २४ सप्टेंबर २०२५ रोजी पुन्हा हरली. अनुच्छेद १९ ही भारतीय नागरिकांची सनद आहे, परदेशी कंपनीला तिचा आसरा नाही, असे न्यायालयाने सांगितले. कायद्याच्या अंगाने यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. पण याचा व्यवहारातील अर्थ पाहा: आदेश ज्या कंपनीला मिळतो तिला हा हक्क नाही, आणि ज्या नागरिकाला हक्क आहे त्याला आदेशाची प्रत मिळतेच असे नाही. कलम ६९अ खालच्या २००९ च्या नियमांत, लिहिणाऱ्याला शोधून नोटीस देण्याचा प्रयत्न करावा असे एका ठिकाणी म्हटले आहे आणि सगळी कार्यवाही गोपनीय ठेवावी असे दुसऱ्या ठिकाणी. कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना न्यायालयात आव्हान देता येते, याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ६९अ कायम ठेवले होते. न दिसणाऱ्या कारणांना आव्हान कसे द्यायचे, हा प्रश्न तेव्हापासून लटकलेला आहे.

नागरिक स्वतः उभा राहिला, की काय होऊ शकते हे मुंबई उच्च न्यायालयात दिसले. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर ‘खोटा’ हे सरकारचाच एक तथ्य-तपासणी कक्ष ठरवेल, आणि तसे ठरल्यावरही मजकूर ठेवणाऱ्या मध्यस्थाचे संरक्षण धोक्यात येईल, अशी तरतूद एप्रिल २०२३ मध्ये आली. विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी तिला आव्हान दिले. आमच्या पोटापाण्याचा उपहास त्या कक्षाच्या एका शेऱ्याने नाहीसा होईल, हा त्यांचा मुद्दा होता. ३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठात न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांची मते विरुद्ध पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी पटेल यांच्या बाजूने कौल दिला आणि ती तरतूद रद्द झाली. या खटल्यात एकही बडी परदेशी कंपनी पुढे नव्हती, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

लिहिणाऱ्याला निदान कारण तरी कळावे, यासाठी युरोपीय संघाने वेगळी वाट काढली. तेथील कायद्यानुसार मजकूर काढला, दडवला किंवा खाते बंद केले, तर कंपनीने त्या व्यक्तीला नेमके कारण आणि दाद मागण्याचा मार्ग लेखी कळवावा लागतो. आपल्याकडेही मोठ्या माध्यमांनी आपणहून मजकूर काढला, तर काही बाबतींत आधी कळवावे असा नियम आहे. सरकारी आदेशाने काढल्यास तो लागू नाही. तक्रार करायची असेल, तर प्रत्येक माध्यमाच्या भारतातील तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि पत्ता त्याच्या संकेतस्थळावर असतो. त्याने २४ तासांत पोच द्यायची असते आणि मग निर्णय; त्यासाठी २०२१ च्या नियमांत १५ दिवसांची मुदत होती. तो मान्य नसल्यास ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे जाता येते. अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या गेल्या असून अर्ज पूर्णपणे ऑनलाइन असतो, वकील लागत नाही. त्यापुढे उच्च न्यायालय आहेच, पण तिथवर जाण्याइतका वेळ आणि पैसा एका चित्रफितीसाठी कोण घालवतो?

नौपाड्यात राहणारे माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक यातील पहिली पायरी चढले. मासुंदा तलावाजवळच्या एका नागरी सभेचे त्यांनी केलेले चित्रीकरण एका माध्यमाने ‘नियमांचा भंग’ एवढेच कारण देऊन काढले. कोणता नियम, कोणी तक्रार केली, माणसाने पाहिले की यंत्राने, हे काहीच लिहिलेले नव्हते. सरांनी, सवयीप्रमाणे, मुद्देसूद आणि शुद्ध मराठीत तक्रार लिहिली, मग मुलीकडून तिचे इंग्रजी करून घेतले, आणि दोन्ही प्रती पाठवल्या. चौदाव्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले आणि त्याच संध्याकाळी चित्रफीत परत दिसू लागली. उत्तराच्या शेवटी अधिकाऱ्याचे नाव नव्हते, फक्त एक तक्रार क्रमांक होता. सरांनी तो वहीत उतरवून ठेवला आहे, आणि ती का काढली होती हे विचारणारे त्यांचे दुसरे पत्र अजून अनुत्तरित आहे.